एका नावाची मिरास

शिक्षकी पेशात आमच्या हाती दररोज सकाळी जी पहिली वस्तू येते ती म्हणजे हजेरीपट. पाठ्यपुस्तके बदलतात, अभ्यासक्रम बदलतात, परंतु नावे पुकारण्याचा हा नित्यक्रम काही बदलत नाही. वर्षानुवर्षे तो करीत राहिले म्हणजे हजेरीपट हाही एक वाचनीय ग्रंथ आहे असे वाटू लागते. जुना हजेरीपट उघडावा तर त्यात यमुना, गोदावरी, भागीरथी अशा नद्या वाहत असतात. पुढच्या पानांवर कुसुम, सुमन, मालती यांची फुलबाग फुलते. त्यानंतर सुनीता, संगीता, कविता येतात, आणि आजच्या पानांवर आर्या, अन्वी, स्वरा. प्रत्येक नावामागे कोणा आईबापांनी पाळण्यापाशी केलेला विचार असतो. अंगावरचे दागिने प्रसंगी मोडता येतात, जुने कपडे बोहारणीला देता येतात; नाव मात्र माणूस जन्मभर वागवितो.

असे हे नावांचे वेड असल्यामुळे गतवर्षी आमच्या वर्गात एक प्रश्न निघाला, तो आम्हांला सोडवेना. भित्तिपत्रकासाठी काही मुली भारतातील आरंभीच्या स्त्री-डॉक्टरांची माहिती जमवीत होत्या. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी त्यांना ठाऊक होत्या. रखमाबाईंचे नावही एकीने आणले. तिसरे नाव मात्र वाचताना मुली अडखळल्या. ते होते डॉ. जेरुशा झिराड. दोनतीनदा उच्चार करून झाला, थोडे हसूही झाले, आणि मग त्यांच्यातील एक धीट मुलगी म्हणाली, “सर, आडनाव मराठी वाटते, पण नाव कुठले? या बाई आपल्या की परक्या?”

प्रश्न लहान होता. परंतु काही प्रश्न बीजासारखे असतात, मुठीत मावतात आणि रुजले की शेत व्यापतात. त्या एका नावाच्या मागे जाता जाता आम्ही कोकणच्या किनाऱ्यापासून जेरुसलेमच्या राजवाड्यापर्यंत फिरून आलो, आणि वाटेत आमच्याच तहसील कचेरीतही डोकावून आलो. त्या भ्रमंतीत जे गवसले ते विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या बाईंविषयी. जेरुशा झिराड यांचा जन्म १८९० साली, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातील शिमोगे येथे झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले. पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर त्या विलायतेस गेल्या आणि १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी घेऊन परतल्या. स्त्रियांनी डॉक्टर व्हावे ही गोष्टच जेथे नवलाची होती, त्या काळातील ही कथा आहे. मुंबईत कामा हॉस्पिटल हे स्त्रिया व मुले यांच्यासाठी १८८६ साली सुरू झालेले रुग्णालय. त्याची सूत्रे बाईंनी दीर्घकाळ, १९४७ पर्यंत, सांभाळली. बाळंतपणात स्त्रिया का दगावतात, या प्रश्नाचा त्यांनी मुंबई शहरापुरता कसून शोध घेतला आणि त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. अमुक बाई दैवाने गेली असे म्हणून जेथे लोक डोळे पुसत व गप्प बसत, तेथे त्यांनी कारणे विचारली. त्यातील किती मृत्यू टळू शकले असते हे पाहणे, हाच त्या शोधाचा हेतू होता. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

आता आडनावाकडे वळू. झिराड हे रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यातले एक गाव आहे. या किनारपट्टीच्या गावोगावी बेने इस्राएल या नावाचा यहुदी समाज शेकडो वर्षे राहत आला. बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरे. फार पुरातन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले. परंतु शनिवारचा विसावा, काही उपवास आणि एक प्रार्थना एवढे त्यांच्यापाशी उरले. घाणा चालवून तेल काढणे हा त्यांतील अनेकांचा व्यवसाय. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून कोकणातले लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. किहीमचे ते केहीमकर, दिवेआगरचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, अशी त्यांची आडनावेही कोकणच्या मातीतून उगवली.

घरात त्यांची भाषा मराठी. सणासुदीला व नवस फेडताना ते मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा तो प्रसाद. त्यांच्या धर्मग्रंथांतील कथांवर मराठीत कीर्तनेही होत असत. मराठीतून हिब्रू शिकता यावे म्हणून जॉन विल्सन या मिशनऱ्याने या समाजासाठी १८३२ साली मराठीत हिब्रूचे छोटे व्याकरण छापले होते. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत निघाली. तिच्यातील चित्रांत सणाची भाकर करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या स्त्रियांसारखी लुगडी नेसलेल्या आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली ज्यांनी बांधले ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर. पण लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणत. सॅम्युएलचे सामाजी व्हावे आणि ते कोणाला खटकू नये, इतके हे नाते जुने व मुरलेले आहे.

पुरुषांच्या हिब्रू नावांनी असा मराठी वेष घेतला. स्त्रियांची हिब्रू नावे तर आणखी मौजेची आहेत, कारण अर्थ कळताच त्यांचा परकेपणा गळून पडतो. सिप्पोरा म्हणजे पाखरू. आमच्या पणजीच्या पिढीत मैना व चिमणा ही नावे होतीच. दबोरा म्हणजे मधमाशी. तामार म्हणजे खजुराचे झाड. शोशन्ना हे एका फुलाचे नाव, आपल्या कुमुदिनीच्या जवळपासचे. नाओमी म्हणजे रमणीय, रमा म्हणा हवे तर. हन्ना म्हणजे कृपा. मुलीला पाखराचे, फुलाचे, झाडाचे किंवा देवाच्या दयेचे नाव द्यावे, हे ज्याला वैनगंगेच्या काठी सुचते त्याला यार्देनेच्या काठीही सुचते. आईबापांचे मन सगळीकडे एकाच मातीचे.

परंतु जेरुशा हे नाव यांपैकी कशातच बसेना. ते फुलाचे नाही, पक्ष्याचे नाही, देवाचेही नाही. त्याचा मूळ उच्चार येरुशा. इंग्रजी लिपीतील ज्या अक्षराचा उच्चार पुष्कळ भाषांत ‘य’ होतो, त्याचाच इंग्रजीत ‘ज’ होतो. त्यामुळे योसेफचा जोसेफ झाला, तशी येरुशाची जेरुशा झाली. जेरुसलेम या नगराच्या नावाशी त्याचा ध्वनी जुळतो खरा, पण ते नाव निराळ्या मुळाचे मानतात.

यहुद्यांच्या प्राचीन ग्रंथांत, राजांच्या इतिहासात, येरुशा नावाची एकच स्त्री येते, आणि तीही एका ओळीपुरती. योथाम नावाचा राजा पंचविसाव्या वर्षी गादीवर बसला, त्याने जेरुसलेमात सोळा वर्षे राज्य केले, त्याच्या आईचे नाव येरुशा, ती सादोकाची कन्या, एवढेच तिच्याविषयी सांगितलेले आहे. ती कशी दिसे, काय बोले, नवरा उज्जिया राजा कोडाने पीडित होऊन वेगळा राहू लागला तेव्हा तिने घर कसे सांभाळले, यातले काहीही ग्रंथकाराने लिहिले नाही. मात्र राजाचे नाव सांगताना त्याच्या आईचे नाव सांगायला तो विसरला नाही. तेवढ्या एका ओळीच्या आधारावर ते नाव अडीच हजारांहून अधिक वर्षे जगले आणि शिमोग्याच्या एका मराठी घरातील पाळण्यापर्यंत येऊन पोहोचले.

आता अर्थ. हिब्रूत ‘याराश’ असे एक क्रियापद आहे. मागून आलेले आपल्या ताब्यात घेणे, वतन म्हणून मिळवणे, वारस होणे, असा त्याचा अर्थ. त्यापासून झालेला ‘येरुशा’ हा शब्द आजच्या हिब्रूतही वडिलार्जित ठेव्यासाठी वापरतात. तेव्हा जेरुशा म्हणजे वारसा. मुलीचे नाव वारसा! आमच्या हजेरीपटात असे नाव आम्हांला अद्याप भेटलेले नाही.

येथपर्यंत आलो तेव्हा शोध संपला असे आम्हांला वाटले होते. परंतु खरी गंमत पुढेच होती. हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी. बहिणींचे चेहरे सारखे असतात, तरी एकीच्या गालावर खळी असते व दुसरीच्या नसते. तसे या दोन भाषांचे आहे. अरबीत शब्दाच्या आरंभी जेथे ‘व’ असतो तेथे हिब्रूत पुष्कळदा ‘य’ येतो. जुन्या दस्तऐवजांत ‘अमुक वलद तमुक’ असे आपण पाहतो. तो वलद म्हणजे मुलगा, अरबीतून आलेला. हिब्रूत मुलाला म्हणतात येलेद. दुसरा नियम असा की अरबीतील एक सकारासारखा ध्वनी हिब्रूत शकार होतो. पेशवाईच्या कागदांवर अरबी आकड्यांनी वर्ष घालीत, ते इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्यात तिनाला सलास म्हणत आणि आठाला समान. हिब्रूत तीन म्हणजे शालोश आणि आठ म्हणजे श्मोने. हे दोन्ही नियम आता याराश या शब्दाला लावून पाहा. आरंभीच्या ‘य’चा ‘व’ करा, अखेरच्या ‘श’चा ‘स’ करा. काय उरते? व, र, स. वारस!

होय. आपल्या मराठीतील वारस, वारसा, वारसदार हे शब्द ज्या अरबी मुळापासून आले, त्याच मुळाची सख्खी बहीण म्हणजे येरुशा. जेरुशाचा अर्थ वारसा आहे असे म्हणणे अपुरे आहे. जेरुशा हा शब्द आणि वारसा हा शब्द एकाच गोत्राचे आहेत. ज्या नावाला मुली हसल्या, ते अनोळखी वेषातले नाव आपल्या घरात रोज वावरणाऱ्या शब्दाचे नातलग निघाले. हिंदीतील वारिस व विरासत हे शब्द त्याच कुळातले. आगगाडीच्या फलाटावर लावारिस वस्तूंना हात लावू नका अशी सूचना आपण ऐकतो, तो लावारिसही त्यातलाच, आपला बेवारशीही.

याच कुळातला आणखी एक शब्द मराठी गावगाड्यात खोल रुजला, तो मिरास. ज्याची जमीन वंशपरंपरेची, ज्याला गावात मान व हक्क, तो मिरासदार. ज्याचा जमिनीवर असा हक्क नाही, जो दुसऱ्याची जमीन तात्पुरती कसतो, तो उपरी. आमच्या या भागात पूर्वी मालगुजारीची पद्धत असल्यामुळे मिरासदार हा शब्द इकडे तितका रुळला नाही. मालगुजारी मात्र १९५१ साली संपेपर्यंत आजोबांच्या पिढीने अनुभवली. परंतु मिरासदार आणि उपरी हा भेद केवळ शेतजमिनीचा नसतो. नावांच्या व शब्दांच्या बाबतीतही आपण तोच भेद करतो. हे नाव मिरासदार, ते नाव उपरे! मग आपल्या गावाच्या नावाचे काय करावे? बालाघाट या नावातील ‘बाला’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ वर, घाटावरचा प्रदेश असा आहे. त्याला उपरा ठरवून हाकलून दिले तर आपल्याला पत्ता लिहिता येणार नाही. शब्द कोठून आला याने त्याचे कूळ कळते; तो कोणाचा, हे मात्र कोण त्याला वागवितो यावर ठरते. जेरुशा झिराड या आपल्या की परक्या, याचे उत्तर म्हणूनच आम्ही वर्गात असे दिले की, ज्यांनी आपल्या आयाबहिणींच्या मृत्यूची कारणे शोधण्यात आयुष्य वेचले त्यांना परके म्हणणारा उपरा.

हा शब्द आमच्या मनात इतका का घोळत राहिला, याला घरगुती कारणही आहे. काही वर्षांपूर्वी आमचे वडील वारले. मागे धानाची थोडी शेती होती. तिच्या फौती नामांतरणासाठी, म्हणजे मृताच्या जागी वारसांची नावे चढविण्यासाठी, तहसील कचेरीत अर्ज करायचा होता. आम्हांला दोन बहिणी, दोघीही सासरी नांदणाऱ्या. एका परिचित गृहस्थांनी सहज विचारले, “बहिणींचे हक्कसोडपत्र केव्हा करून घेता?” त्यांच्या विचारण्यात वाईट हेतू नव्हता. पावसाळ्यात छत्री घेतली का, असे विचारावे तितक्या सहजतेने त्यांनी ते विचारले. आमची आई आतल्या खोलीत तांदूळ निवडीत बसली होती. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, “तिघंही माझ्याच पोटची, मंग कागदावर एकच कसा?” आम्ही अर्जावर तिघांची नावे लिहिली. बहिणींना बोलावणे गेले तेव्हा धाकटीने फोनवर बराच वेळ काही म्हटलेच नाही. तिला जमिनीचे उत्पन्न नको होते. तिचे घर खाऊनपिऊन सुखी आहे. तिला काय मिळाले ते आम्हांला तेव्हा नीट उमगले नव्हते. जेरुशा या नावाचा अर्थ कळला तेव्हा ते उमगले. माहेरच्या कागदावर आपले नाव असणे, हेच तिला मिळाले होते.

यहुद्यांच्या त्याच प्राचीन ग्रंथांत या विषयाची एक कथा आहे. सलाफहाद नावाच्या गृहस्थाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिर्सा ही त्यांची नावे. बाप वारल्यावर जमिनीची वाटणी पुरुषांत होणार आणि आपल्या बापाचे नाव पुसले जाणार असे दिसताच या पाच बहिणी मोशेपुढे, सगळ्या मंडळीच्या देखत, उभ्या राहिल्या आणि आपला वाटा त्यांनी मागितला. मोशेने तो प्रश्न देवापुढे ठेवला, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय मिळाला. मुलगा नसेल तर मुलीला वारसा मिळावा, असा नियम त्या दिवशी झाला. आणि तो नियम सांगताना ग्रंथात जे क्रियापद आले आहे ते हेच, याराश. तो नियमही अपुराच होता. भाऊ असलेल्या बहिणीचे काय, हा प्रश्न त्यात उरलाच. आपल्या देशात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. पाच बहिणी वाळवंटातील तंबूपाशी उभ्या राहिल्या तेव्हापासून २००५ पर्यंतचा हा रस्ता किती लांब! आणि कायद्याच्या पुस्तकापासून घराच्या उंबरठ्यापर्यंतचा रस्ता तर अजून अनेक घरांत चालायचाच आहे. अशा वेळी कोणी आपल्या मुलीचे नावच वारसा असे ठेवावे, यात आम्हांला फार मोठा धीर दिसतो.

या नावाची आणखी एक मुलगी इंग्रजी पुस्तकात भेटते. जीन वेब्स्टर या अमेरिकन लेखिकेने १९१२ साली एका अनाथ मुलीची कथा लिहिली. तिच्या नायिकेचे नाव जेरुशा. अनाथाश्रमाच्या चालिकेने ते एका थडग्याच्या दगडावरून उचलून तिला दिलेले असते. जिला आईबाप नाहीत, कूळ नाही, कोणी वारस म्हणून पुढे केले नाही, तिचेच नाव वारसा! त्या मुलीला ते नाव मुळीच आवडत नाही आणि ती दुसरे घेते. परंतु कथा पुढे सरकते तशी ती शिकते, वाचते, लिहू लागते. आणि ज्या पोरीला कोणी काही ठेवून गेले नव्हते ती स्वतःच्या कष्टाने विद्येची धनीण होते.

येथे वारसा या शब्दाची दुसरी बाजू दिसू लागते. वारसा म्हणजे आयता आलेला ठेवा, असे आपण समजतो; पण तो तसा नसतो. याची प्रचीती झिराडबाईंच्या समाजालाही आली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. पुढील वर्षांत कोकणातील व मुंबईतील बेने इस्राएलांपैकी बहुतेक जण तिकडे गेले. पूर्वजांची भूमी, म्हणजे वारशाची भूमी, अशी त्यांची भावना. परंतु तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या यहुदीपणाविषयी शंका काढल्या आणि १९६२ साली विवाहाच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी करण्याचे नियम घातले. शतकानुशतके परक्या मुलखात ज्यांनी शनिवार पाळला, त्यांनाच तुम्ही खरे वारस आहात काय असे विचारले गेले! त्यांनी मान खाली घातली नाही. त्यांनी जेरुसलेमात धरणे धरले, आणि अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले. आणि त्याच लोकांनी त्या नव्या देशात मराठीही टाकून दिली नाही. तेथे त्यांनी मराठीतून एक नियतकालिक अनेक वर्षे चालविले, त्याचे नाव ‘मायबोली’. एक वारसा मिळविण्यासाठी दुसरा सोडून द्यावा लागतो, असे त्यांनी मानले नाही.

विद्यार्थिमित्रांनो, ही दूरची हकीकत आम्ही तुम्हांला का सांगत आहोत, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदियापर्यंत मराठी पाट्या आणि अलीकडे हिंदी पाट्या, अशी एक रेघ आपल्या अंगणाजवळून गेली. त्यात कोणाची तक्रार करण्याचे आम्हांला प्रयोजन दिसत नाही. या जिल्ह्यात हिंदी आहे, पोवारी आहे, गोंडी आहे; या साऱ्या आपल्याच आहेत आणि त्यांनी आपल्याला समृद्धच केले आहे. परंतु घरोघर एक गोष्ट आम्ही पाहतो. आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आजीला ते कळते, म्हणून कोणाचे अडत नाही. अडत नाही, हेच खरे संकट आहे. शेत एका रात्रीत पडीक होत नाही. एक वर्ष नांगर फिरत नाही, मग दुसरे वर्ष, आणि मग बांध कोठे होता हे सांगणारेही कोणी उरत नाही.

यहुद्यांच्या जुन्या आचार्यांत योसे नावाचे एक आचार्य होऊन गेले. त्यांनी शिष्यांना दिलेला एक उपदेश प्रसिद्ध आहे. विद्येसाठी स्वतःला सिद्ध कर, कारण ती तुला येरुशा म्हणून मिळालेली नाही, असा त्याचा भाव आहे. आम्ही तो वाचला तेव्हा क्षणभर थांबलो. म्हणजे आमच्या जेरुशेचेच नाव घेऊन हे आचार्य सांगतात की, जमीन वारशाने मिळेल, घर मिळेल, नावही मिळेल. पण विद्या मिळणार नाही. बाप पंडित असला तरी मुलाला बाराखडीपासूनच आरंभ करावा लागतो.

भाषेचे तरी दुसरे काय आहे? मराठी आपल्या घरात आहे म्हणून ती आपली होत नाही. तिच्यासाठी फौती नामांतरणाचा अर्ज करता येत नाही; तहसीलदाराच्या सहीने ती कोणाच्या नावावर चढत नाही. ती वाचावी लागते, बोलावी लागते, तिच्यात चुकावे लागते, पुन्हा सुधारावे लागते. जेरुशा झिराड यांना नावाने वारसा मिळाला. डॉक्टरी मात्र त्यांनी अभ्यासाने मिळविली आणि ती हजारो मातांच्या पदरात घातली. आलेले घ्यावे, स्वकष्टाने वाढवावे आणि पुढच्याच्या हाती द्यावे, एवढ्या तीन कृती पुऱ्या झाल्या म्हणजे माणूस वारस ठरतो. पहिलीवरच थांबला तो केवळ ताबेदार.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावे. आपले नाव कोणी ठेवले, त्याचा अर्थ काय आणि ते कोणत्या भाषेतून आले, हे आजीला किंवा आईला विचारावे, आणि तेही मराठीत विचारावे. उत्तर कदाचित दोन वाक्यांचे असेल, कदाचित त्यातून एखादी मोठी कहाणी निघेल. ती वहीत उतरवून ठेवावी. तुमच्या वडिलांच्या शेताचा नकाशा तहसील कचेरीत जपून ठेवलेला आहे; ही कहाणी मात्र आजीवाचून कोणापाशी नाही.